काउन्सिल टॅक्स भरतोय, पण इथला कारभार नक्की कोण चालवतं?

कोथरूड_ते_कालवा:
नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मँचेस्टरलगतच्या एका बरोमध्ये (एका पालिकेच्या हद्दीत) बिऱ्हाड केलंय. मी, बायको आणि चार वर्षांची मुलगी. पहिलं काउन्सिल टॅक्सचं, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या कराचं, बिल हातात आहे. बँड बी, म्हणजे घराच्या किमतीवरून ठरलेली कराची पायरी. त्यावर काउन्सिल, प्रौढांची सामाजिक सेवा, मेयरचा पोलीस आकार आणि मेयरचा सर्वसाधारण आकार अशा वेगवेगळ्या ओळी आहेत. घरामागच्या बोळात हे मोठे खड्डे आहेत. ऑनलाइन तक्रार केली तर उत्तर आलं, हा रस्ता आमच्या देखभालीत येत नाही. मग येतो कोणाच्या?

पुण्यात क्षेत्रीय कार्यालय, नगरसेवक, आयुक्त ही उतरंड ठाऊक होती. इथे बातम्यांत मेयर म्हणून अँडी बर्नहॅम, आणि आमच्या टाउन हॉलच्या फोटोत गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या वेगळ्याच बाई मेयर. खरा अधिकार कोणाचा? आणि हे सगळे पैसे जातात कुठे?

रॉचडेलचा_राहिवासी:
मेयरपुरतं सांगतो. ग्रेटर मँचेस्टरमध्ये दहा काउन्सिलं आहेत. त्या दहांच्या वर कंबाइन्ड ऑथॉरिटी, म्हणजे दहांची मिळून संस्था. तिचा मेयर थेट लोक निवडतात, 2017 साली निवडून आलेले बर्नहॅम हे पहिले. पोलीस, अग्निशमन, बस-ट्राम हे त्या मेयरकडे. पिवळ्या बी नेटवर्कच्या बस पाहता ना, त्या जानेवारी 2025 पासून दहाही बरोंत मेयरच्याच अखत्यारीत. तुमच्या बिलातल्या मेयरच्या दोन ओळी म्हणजे हाच खर्च. तुमचं काउन्सिल ती रक्कम गोळा करून पुढे देतं. साखळीवाल्या बाई म्हणजे नगरसेवकांनी एका वर्षासाठी निवडलेल्या मानाच्या मेयर. सभेचं अध्यक्षपद आणि समारंभ त्यांच्याकडे, कारभार नाही. सॅलफर्डला मात्र थेट निवडलेला सिटी मेयर आहे, तिथे कारभार त्याच्याच हातात.

कृष्णाकाठची_माई:
मी दुसऱ्या एका बरोच्या प्रौढ सेवा विभागात नोकरी करते, त्यामुळे पैशाच्या प्रश्नावर जरा पोटतिडकीने लिहिणार आहे. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी रचना. लंडन सोडून इंग्लंडच्या मोठ्या नागरी पट्ट्यांत अशी 36 मेट्रोपोलिटन काउन्सिलं आहेत, 1 एप्रिल 1974 पासूनची. तेव्हा वर काउंटी काउन्सिल (जिल्हा परिषदेसारखं) होतं, ते 1986 मध्ये बरखास्त झालं आणि बरीचशी कामं खाली आली. म्हणून कचरा उचलणं, रस्ते, शाळाप्रवेश, वाचनालय, बांधकाम परवानगी, म्हाताऱ्यांची आणि मुलांची काळजी, सगळं एकाच दारात. 2013 पासून सार्वजनिक आरोग्यही. दवाखाने आणि जीपी (फॅमिली डॉक्टर) मात्र एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचे, त्यासाठी आमच्याकडे येऊ नका.

कारभाराचा प्रमुख म्हणजे लीडर. नगरसेवक आपल्यातून एकाला लीडर निवडतात, तो आपलं कॅबिनेट करतो, स्वतःला धरून जास्तीत जास्त दहा जण. बहुतेक ठिकाणी हीच पद्धत. शेफिल्डने 2021 च्या सार्वमतानंतर समित्यांचा कारभार घेतला, असे अपवाद आहेत. आपल्याकडचा आयुक्त राज्य सरकार पाठवतं. इथला चीफ एक्झिक्युटिव्ह काउन्सिल स्वतः नेमतं आणि तो काउन्सिललाच बांधील असतो. हा फरक मला फार मोठा वाटतो. निवडून आलेली माणसं इथे खरोखर जबाबदार धरता येतात.

आता पैसे. आमच्याकडचं एक नेहमीचं प्रकरण, ओळख पटणार नाही असं सांगते. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ, एकटे, अंथरुणाला खिळलेले. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र अशा चार वेळा त्यांच्याकडे केअरर (घरी येऊन काळजी घेणाऱ्या) जातात आणि दर वेळी दोघी जातात, कारण पलंगावरून खुर्चीत घ्यायला हॉइस्ट (माणूस उचलायचं यंत्र) लागतो आणि त्यांच्या बाबतीत तो एकटीने हाताळायचा नाही असं ठरलेलं आहे. आठवड्याचे सातही दिवस, नाताळ धरून. त्यांची शिल्लक 23,250 पौंडांच्या आत आहे. घरीच सेवा मिळत असेल तर राहतं घर त्या हिशोबात धरत नाहीत. म्हणून खर्चाचा मोठा वाटा काउन्सिल उचलतं. 2014 च्या केअर ॲक्टप्रमाणे हे कर्तव्य आहे, तिजोरीत खडखडाट आहे म्हणून नाही म्हणता येत नाही. मुलांचंही तसंच. एखाद्या मुलाला घरातून काढून निवासी केंद्रात ठेवावं लागलं तर आठवड्याला हजारो पौंड जातात.

या दोन खात्यांतच बजेटचा सिंहाचा वाटा संपतो. रस्त्याने चालणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला न कापलेलं गवत आणि कमी झालेल्या वाचनालयाच्या वेळा दिसतात. 2010 नंतर केंद्राची अनुदानं आटली, आणि रोजचा खर्च भागवायला काउन्सिलला कर्ज काढता येत नाही. टॅक्स सार्वमताशिवाय वर्षाला 4.99 टक्क्यांपर्यंतच वाढवता येतो, त्यातले 2 टक्के प्रौढ सेवेसाठी. बर्मिंगहॅम हेही मेट्रोपोलिटन काउन्सिलच. समान वेतनाची जुनी देणी आणि इतर कारणांनी तिथे सप्टेंबर 2023 मध्ये कलम 114 ची नोटीस निघाली, म्हणजे जमाखर्चाचा मेळ बसत नाही अशी जाहीर कबुली, सरकारने देखरेखीला कमिशनर बसवले आणि 2024 मध्ये खास परवानगीने टॅक्स जवळपास 10 टक्के वाढला. काउन्सिल दिवाळखोर झालं असं लोक म्हणतात, पण त्या गृहस्थांसारख्यांकडे जाणाऱ्या केअरर तेव्हाही थांबवता येत नाहीत. कात्री लागते ती बाकीच्या सगळ्याला.

बजेटची सभा 11 मार्चच्या आत उरकावी लागते. प्रेक्षकांत जाऊन बसा एकदा, कोणालाही बसता येतं. कोणी कुठे मत दिलं ते नावानिशी नोंदतात. आणि ज्या नगरसेवकाचा स्वतःचा काउन्सिल टॅक्स दोन महिने थकलाय, त्याला त्या दिवशी मतच देता येत नाही. हा नियम मला मनापासून आवडतो.

प्रेस्टनवाला:
माईंचं 'एकाच दारात' किती मोलाचं आहे ते आम्हाला विचारा. आमच्याकडे कचरा सिटी काउन्सिल उचलतं, रस्ते आणि शाळा लँकेशायर काउंटीकडे. नवीन माणूस हमखास चुकीच्या ऑफिसात जातो.

कोथरूडकर, तुमचा बोळ बहुधा 'अनॲडॉप्टेड' असणार. जुन्या टेरेस (एकमेकांना चिकटून ओळीने बांधलेल्या) घरांमागचे पुष्कळ बोळ काउन्सिलने कधी ताब्यात घेतलेलेच नाहीत. त्यांची देखभाल लागून असलेल्या घरमालकांवर येते. सरकारी खर्चाने सांभाळल्या जाणाऱ्या रस्त्यांची यादी ठेवणं काउन्सिलला कायद्याने बंधनकारक आहे. ती मागून बघा. रस्ता यादीत असेल तर तक्रारीचा नंबर जपून ठेवा. पुढे गाडीचं नुकसान झालं तर 'खड्डा काउन्सिलला आधीच कळवलेला होता' याचा पुरावा तोच.

कोथरूड_ते_कालवा:
यादी मागवतो. माई, तुमचं वाचून त्या बिलाकडे वेगळ्या नजरेने पाहतोय. दोन शंका. नगरसेवकाला गाठायचं कसं? आणि आम्ही भारतीय पासपोर्टवाले, व्हिसावर आलेलो. आमचं इथे कोण ऐकणार?

कृष्णाकाठची_माई:
ऐकावंच लागेल, कारण तुम्ही मतदार होऊ शकता! भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे इथे कायदेशीर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला स्थानिकच नव्हे, संसदेच्या निवडणुकीतही मत आहे. ऑनलाइन नाव नोंदवा, दोघांचंही. 2023 पासून केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं, भारतीय पासपोर्ट चालतो. बहुतेक बरोंत दर वॉर्डाला तीन नगरसेवक, आणि चारपैकी तीन वर्षं मे महिन्यात त्यातल्या एकेकाची निवडणूक. म्हणजे मत मागायला कोणी ना कोणी दारात येतंच. पुण्यात 2022 पासून जवळपास चार वर्षं निवडलेली पालिकाच नव्हती, ते आठवा.

तिघांचे ईमेल काउन्सिलच्या साइटवर असतात. बरेच जण शनिवारी वाचनालयात 'सर्जरी', म्हणजे लोकांना भेटायची बैठक, घेतात, सरळ जाऊन बसायचं. नगरसेवक अधिकाऱ्याला खड्डा बुजवायचा हुकूम देऊ शकत नाही, पण त्याच्या पत्राला उत्तर पटकन मिळतं.

व्हिसाचं एक सांभाळा. घरात एकच प्रौढ असेल तर मिळणारी 25 टक्के सूट घ्यायला हरकत नाही. पण कमी उत्पन्नासाठीचं 'काउन्सिल टॅक्स रिडक्शन' सरकारी मदतीत मोजतात. व्हिसावर तशी मदत घ्यायला मनाई असेल तर त्याचा अर्ज करू नका. आणि मुलगी चार वर्षांची म्हणालात. सप्टेंबरमध्ये रिसेप्शनला (शाळेच्या पहिल्या वर्गाला) घालायची असेल तर प्राथमिक शाळेचा अर्जही काउन्सिलकडेच, मुदत 15 जानेवारी. तेवढी चुकवू नका.