प्रतिसाद: प्रशिक्षणाचे तास आणि मुख्याध्यापकांचं लॉगबुक

काहींचं म्हणणं असतं की शिक्षकांना प्रशिक्षणाला पाठवलं की मुख्याध्यापकांचं काम झालं. मला हे पटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. मुख्याध्यापकांनाही तेवढंच, हे मात्र बरेचजण विसरतात. पण ते तास वर्गात उतरतात का, हे पाहणार कोण?

आमच्या आधीच्या मुख्याध्यापिका बाई तासाला मागच्या बाकावर, वाचनात अडखळणाऱ्या मुलाशेजारी बसायच्या. लॉगबुकात, म्हणजे तास पाहून मुख्याध्यापक शेरे लिहितात त्या वहीत, 'पाठ समाधानकारक' असा शेरा कधीच नसायचा. "तिसऱ्या रांगेतल्या मुलीला आज एकही प्रश्न विचारला गेला नाही", असं नेमकं लिहायच्या. वाचून आधी राग यायचा, खरं सांगते. पण मग मधल्या सुट्टीत त्या माझ्याबरोबर पुढच्या पाठाचं टाचण काढायला बसायच्या, आणि माझा वर्ग सांभाळून मला शेजारच्या बाईंचा तास बघायला पाठवायच्या. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन किंवा गणित शिकताना मुलाला येणारी कायमची अडचण, हा आळस नव्हे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती येते, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं.

दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापकांनाही स्वतःचे वर्ग असतात, तिथे हे कसं जमवायचं, हा प्रश्न खरा अवघड आहे. तिथे केंद्रप्रमुखांनीच, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनीच, वर्गात बसायला हवं.