ओइम्याकोनचे लोक दुसरीकडे का जात नाहीत? (वर्गात आलेला प्रश्न)

पूर्णाकाठ:
नमस्कार मंडळी. मी अकोला जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतो. परवा तापमानाचा पाठ घेताना सायबेरियातल्या ओइम्याकोनचं नाव निघालं. सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, एवढी थंडी असून ते लोक दुसरीकडे का जात नाहीत?" मी म्हटलं, सवय होते. तिनं मान डोलावली, पण तिला पटलं नव्हतं. खरं तर मलाही पटलं नाही.

तिकडे कोणी राहिलेलं असेल तर कृपया सांगा. शिवाय सगळ्यात थंड वस्ती नक्की कोणती? कुठे ओइम्याकोन लिहिलेलं असतं, कुठे सायबेरियातलंच वेर्खोयान्स्क, आणि आपलं लडाखमधलं द्रास दुसऱ्या नंबरचं असंही वाचलंय. गुरुवारी वर्गात सांगायचंय.

लेनापार:
सर, मी मूळची भुसावळची. २०१५ ते २०२१ याकुत्स्कला, म्हणजे सायबेरियातल्या याकुतिया प्रांताच्या राजधानीत, डॉक्टरकी शिकायला होते. ओइम्याकोन तिथून रस्त्यानं ९०० किलोमीटरहून लांब. एकदाच गेले, वर्गमैत्रिणीच्या आजोळी, तोमतोरला. ओइम्याकोनची म्हणून जी तापमानं छापून येतात ती या तोमतोरच्या केंद्रातली.

आधी आकडे उरकते. वेर्खोयान्स्क उणे ६७.८, फेब्रुवारी १८९२. ओइम्याकोन उणे ६७.७, ६ फेब्रुवारी १९३३. दोघांत फरक नसल्यासारखाच. ओइम्याकोनच्या स्मारकावर उणे ७१.२ कोरलंय, पण तो अंदाज आहे, मोजलेलं तापमान नव्हे. आणि वेर्खोयान्स्कला २० जून २०२० रोजी ३८ अंश ऊन पडलं होतं, हे मुलांना जरूर सांगा. एकाच गावात शंभराहून जास्त अंशांचा फरक! तिथे पाऱ्याचा तापमापक चालत नाही, उणे ३९ला पाराच गोठतो. अल्कोहोलचा लागतो.

थंडीचं कारण सांगायला महाबळेश्वर घ्या. गाव वर असूनही दव गोठतं ते खाली वेण्णा तलावाच्या काठी, कारण थंड हवा जड असते, उतारावरून खाली येऊन साचते. ओइम्याकोन डोंगरांमधल्या खोलगट खोऱ्यात आहे, समुद्राचा ओलावा पोचत नाही, आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही. तीच गोष्ट, फक्त महिनोन्‌महिने.

आता मुलीचा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: त्या लोकांची कामं थंडीनं अडत नाहीत, थंडीमुळे होतात. मी होते तेव्हा याकुत्स्कला लेना नदीवर पूल नव्हता. नदी नीट गोठली की तिच्यावरूनच रस्ता आखायचे, किती टनांपर्यंतची गाडी चालेल त्याच्या पाट्या लागायच्या आणि ट्रक नदीवरून जायचे. या हिवाळी रस्त्याला झिम्निक म्हणतात. दूरच्या गावांचं डिझेल, पीठ, साखर याच वाटेनं येतं, कारण उन्हाळ्यात तिथे नुसती दलदल. सगळ्यात हाल कधी, तर नदी धड गोठलेली नसते आणि धड वाहतही नसते तेव्हा. साखा भाषेत, म्हणजे तिथल्या याकुत लोकांच्या भाषेत, एप्रिलला 'मूस उस्तार' म्हणतात, बर्फ वाहून जायचा महिना.

बाजारात दूध भाकरीएवढ्या चकत्यांमध्ये मिळतं, वाडग्यात गोठवून काढलेल्या. चार चकत्या पिशवीत टाकायच्या आणि चालू पडायचं. मासे खोक्यात शेपटीवर उभे, लाकडासारखे. घराखाली जमिनीत खणलेली कोठी असते, बुलूस. खालची जमीन बारमाही गोठलेली, त्यामुळे वीज न लागणारा फ्रीजच तो, उन्हाळ्यातही मांस टिकतं.

पाण्याचं मात्र मी विसरणार नाही. आजींच्या अंगणात बर्फाच्या लाद्या रचलेल्या होत्या, आपल्याकडे भिंतीला लाकडं रचतात तशा. हिवाळ्याच्या तोंडाला नदीतून कापून आणलेल्या, उन्हात निळसर दिसणाऱ्या. आजी एक लादी आत घेऊन यायच्या, पहारीनं फोडायच्या आणि चुलीजवळच्या पिंपात टाकायच्या. पिंपावर लाकडी झाकण, त्यावर उलटा ठेवलेला ओगराळा. मे महिन्यात टँकर येऊन गेला की माझ्या आईचं पिंप अगदी असंच झाकलेलं असायचं. मी बराच वेळ तिथेच बसून राहिले.

विहीर का नाही खणत, असं मुलं विचारतील. शेर्गिन नावाच्या व्यापाऱ्यानं १९व्या शतकात याकुत्स्कला खणायला घेतली होती. ११६ मीटर खोल गेले तरी गोठलेली मातीच.

थंडी सोपी आहे असं मी म्हणत नाही. उणे ५०ला चष्म्याची धातूची दांडी गालाला चटका देते, आणि घर गरम ठेवणारी व्यवस्था बंद पडली तर काय, ही धास्ती कायम असते. पण माझा जीव खरा गुदमरला तो जुलै २०२१मध्ये, वणव्यांच्या धुरानं. जमिनीतला बर्फ वितळला की घरं कलतात, कोठ्यांमध्ये पाणी शिरतं. तिथले लोक थंडीला नाही, याला घाबरतात.

झोजीला_९६:
ताईंचं वाचून राहवलं नाही. मी सैन्यातून निवृत्त, सातारचा, दोन हिवाळे द्रासला काढलेत. द्रासच्या पाटीवर 'जगातलं दुसरं' लिहिलंय आणि आम्हाला त्याचा अभिमान आहे, पण सर, वर्गात तसं सांगू नका. याकुतियातली कितीतरी गावं त्याहून थंड आहेत.

आमच्याकडे प्रकार उलटा. बर्फ एवढा पडायचा की झोजी ला खिंड बंद आणि श्रीनगरकडची वाट तुटली. म्हणून आधीच सहा महिन्यांचं राशन, रॉकेल भरून ठेवायचं. रात्री बुखारी (खोली गरम करायची शेगडी) पेटवून झोपायची सक्त मनाई, धुरानं माणूस झोपेतच जातो. पण लडाखच्याच झंस्कार खोऱ्यात ताई म्हणतात तसंच आहे. नदी गोठली की तिला चादर म्हणतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या गावकरी त्या चादरीवरून चालत लेहच्या बाजूला येत आलेत.

पूर्णाकाठ:
दोघांचे मनापासून आभार. वेण्णा तलावाचं उदाहरण नक्की घेणार. ताई, एकच विचारतो. त्या आजींना तुम्ही हा प्रश्न विचारला होता का? मुलीला थेट उत्तर देता आलं तर बरं.

लेनापार:
विचारला होता सर. मैत्रिणीनं साखात करून सांगितला. आजी म्हणाल्या, "आणि गाई कुठे नेऊ?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गाई पाण्यावर न्यायला गेले. उणे ४४ होतं. श्वास सोडला की कानाजवळ बारीक सरसर ऐकू यायची, वाफ तिथल्या तिथे गोठण्याची. निघण्याआधी आजींनी प्रत्येक गाईच्या कासेला केसाळ कातड्याची पिशवी बांधली, वर पाठीवर गाठ मारली, आचळं गोठू नयेत म्हणून. पाणी मात्र वाहतं होतं. त्या भागात झऱ्याचं पाणी भर हिवाळ्यातही काही ठिकाणी गोठत नाही. ओइम्याकोन या नावाचा अर्थच 'न गोठणारं पाणी' असा लावतात. रेनडियर पाळणारे लोक कळप पाजायला तिथे थांबायचे.

गाईंनी वाफाळत्या पाण्यात तोंडं घातली, आणि आजी पिशव्यांच्या गाठी एकेक करून चाचपत राहिल्या.