मदत हवी आहे : महाविद्यालयात खगोलशास्त्र शिकवणारे प्राध्यापक कोठून येतात?

गोदाकाठ, परभणी : माझ्या मुलीला महाविद्यालयात खगोलशास्त्र शिकवायचे आहे. असे प्राध्यापक कोणत्या विषयात शिकलेले असतात, त्यांची नेमणूक कशी होते आणि त्या पगारावर घर चालते का, एवढेच विचारायचे आहे. एम. एस्सी.च्या अर्जाची मुदत शनिवारी संपते. कृपया नेमके उत्तर द्यावे.

बालाघाट : पदवीचे विषय आपण लिहिलेले नाहीत. आपल्याकडच्या महाविद्यालयांत खगोलशास्त्राची स्वतंत्र जागा बहुधा नसते. नेमणूक भौतिकशास्त्रात होते आणि खगोलशास्त्र त्यातल्या एखाद्या पेपरापुरते शिकवले जाते. नेट आणि सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षांतही त्याचा वेगळा विषय नाही.

गोदाकाठ : विज्ञानाचे विषय आहेत, आणखी कोणते असणार?

ध्रुवतारा : तिला आधी सहा इंची परावर्ती दुर्बीण घेऊन द्या. पावसाळा संपेपर्यंत थांबावे लागेल, पण आवड खरी की खोटी हे दोन महिन्यांत समजेल.

तासिकावाला, लातूर : मी नऊ वर्षे तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवतो, एम. एस्सी. आणि सेट दोन्ही झालेले आहे. झालेल्या तासांचेच मानधन मिळते, त्यामुळे मे महिना कोरडा जातो. शून्यसावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली नाहीशी होते तो दिवस, मात्र आपल्या भागात नेमका मेच्या मध्यावर येतो, आणि त्या दिवशी मी पदरमोड करून मुलांना मैदानावर जमवतो. कामाचे समाधान पुष्कळ आहे, परंतु त्याच्या भरवशावर घराचे कर्ज काढू नये. मुलीला अभियांत्रिकीकडे वळवा.

औंढेकर : इतके घाबरवू नका. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचा गुरुत्वलहरी (अवकाशातून येणारी गुरुत्वाकर्षणाची सूक्ष्म कंपने) शोधक होणार आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरीही दिली आहे.

तासिकावाला, लातूर : तेथे अभियंते, तंत्रज्ञ आणि संशोधक लागतील. त्यामुळे परभणीतल्या महाविद्यालयात प्राध्यापकाची जागा कशी निघेल, हे आपणच सांगावे.

बालाघाट : विषय, कृपया.

गोदाकाठ : गणित, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र. भौतिकशास्त्र बारावीनंतर सुटले. याने काही बिघडते का?

बालाघाट : हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते. भौतिकशास्त्राच्या एम. एस्सी.ला साधारणपणे पदवीला तो विषय लागतो, त्यामुळे तो अर्ज बहुधा वाया जाईल. गणिताचा अर्ज भरावा. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील शिक्षण गणिताचेच होते, आणि त्यांचे वडील बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत सापेक्षतावादाचा अभ्यास करीत. तिने एम. एस्सी.ला सापेक्षतावाद हा खगोलशास्त्राला जवळचा पेपर जेथे आहे असा विभाग शोधावा आणि पुढे गणितातून सेट द्यावी. सहायक प्राध्यापकपदासाठी पदव्युत्तर परीक्षेत खुल्या वर्गाला ५५ टक्के गुण लागतात, हेही लक्षात असू द्यावे. नेमणूक गणिताचीच होईल. मात्र पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था १९८८ मध्ये विद्यापीठांसाठीच स्थापन झाली असून महाविद्यालयांतील शिक्षकांना तेथे अभ्यागत म्हणून राहून संशोधन करता येते. माझे एक सहकारी वर्षभर कलनशास्त्र शिकवतात आणि सुट्टी लागली की तेथे जातात.

गोदाकाठ : आभारी आहे, गणिताचाच अर्ज भरतो. पगाराचे मात्र कायम जागेवरच्या कोणीतरी सांगावे.

ध्रुवतारा : दुर्बीण किती इंची घ्यायचे ठरले?