परदेशात राहणाऱ्या बाईने घरच्या रूढीवर बोलावं का? (गांबियाच्या निमित्ताने)

जाईजुई (धागाकर्ती)

पश्चिम आफ्रिकेत सेनेगलच्या पोटात शिरलेला, एका नदीच्या दोन्ही काठांनी पसरलेला चिंचोळा देश आहे गांबिया. तिथल्या १५ ते ४९ वयाच्या दर चार बायकांमागे जवळपास तिघींची सुंता झालेली आहे (म्हणजे बाह्य जननेंद्रियाचा भाग कापलेला आहे), आणि बहुतेकींची वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत. २०१५ साली कायद्याने बंदी आली. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० डलासी (तिथलं चलन) दंड, मुलगी दगावली तर जन्मठेप. पुढची आठ वर्षं कुणालाच शिक्षा झाली नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तीन बायकांना पहिल्यांदा दंड झाला, तो अब्दुली फात्ती या इमामाने भरून टाकला. आणि मार्च २०२४ मध्ये बंदीच उठवा म्हणणारं विधेयक संसदेत आलं. ४२ विरुद्ध ४ मतांनी ते पुढे सरकलंसुद्धा. ५८ जणांच्या संसदेत बायका होत्या पाच. चार महिन्यांनी, १५ जुलैला, ते फेटाळलं गेलं.

या सगळ्या वादात बंदीविरोधकांनी धर्माखालोखाल रेटलेला मुद्दा होता की हे पश्चिमेचं खूळ आहे. त्या आरोपात नेहमी एक बाई उभी केली जाते, परदेशात गेलेली, तिथलं पाणी लागलेली. जाहा डुकुरे यांचं उदाहरण घ्या. जन्म गांबियात, सुंता तान्हेपणी, पंधराव्या वर्षी लग्नासाठी न्यूयॉर्कला रवानगी. २०१३ मध्ये त्यांनी संघटना काढली, अमेरिकेत सह्यांची मोहीम चालवली आणि तीच मागणी घेऊन गांबियाच्या राजधानीत, बंजुलला परत गेल्या. या बाईला ‘बाहेरची’ कोणत्या तोंडाने म्हणायचं?

माझं म्हणणं सरळ आहे. जिच्या अंगावर पातं चाललं, तिचा त्यावर बोलायचा हक्क पासपोर्ट बदलल्याने जात नाही. उलट घरात राहून ज्यांना तोंड उघडता येत नाही, त्यांच्या वतीने तिनेच बोलायला हवं. आफ्रिकी स्त्रीवाद लागोस, डाकार, बंजुलइतकाच लंडन आणि न्यूयॉर्कमध्येही घडला आहे, आणि त्यात कमीपणा नाही.

कातळ

हक्क आहे, मान्य. पण हक्क आहे म्हणून उपयोग होतोच असं नाही, आणि तुमच्या लेखनात गाळलेला भाग मला फार महत्त्वाचा वाटतो.

गांबियात हे काम २०१३ मध्ये सुरू झालेलं नाही. इसातू तुरे आणि त्यांच्या सहकारी बायकांनी १९८४ पासून गावोगाव जाऊन ते केलं. सुंता करणाऱ्या म्हाताऱ्यांशी बोलल्या, वर्षानुवर्षं बोलल्या. २००७ मध्ये अशा बायकांनी जाहीर समारंभात सुऱ्या खाली ठेवल्या. २०१० मध्ये याच तुरेबाईंना आणि आमी बोजांग-सिसोहो यांना अटक झाली. एवढं सोसून उभं केलेलं काम जगाच्या नजरेत आलं ते कुणाच्या नावाने? अमेरिकेहून इंग्रजीत बोलणाऱ्या बाईच्या.

दुसरं, बंदी आली कशी? याह्या जामे या हुकूमशहाने नोव्हेंबर २०१५ मध्ये घोषणा केली, डिसेंबरमध्ये संसदेने मान डोलावली. १३ महिन्यांत तो निवडणूक हरला, जानेवारी २०१७ मध्ये देश सोडून गेला. लोकांच्या मनात हा कायदा त्याच्या नावावर जमा आहे. वरून आलेला कायदा वरच राहतो. इमामाने दंड भरला तेव्हा गावातली किती माणसं त्या इमामाच्या बाजूने उभी राहिली, याचं उत्तर त्या ४२ मतांत आहे.

१९८० साली कोपनहेगनच्या जागतिक महिला परिषदेत आफ्रिकी प्रतिनिधी याच विषयावरून संतापल्या होत्या. त्या काही सुंतेच्या बाजूच्या नव्हत्या. आमच्या पोरींच्या शरीराचं तुमच्या सभागृहात प्रदर्शन मांडू नका, पाणी, भूक, कर्ज यावरही बोला, हे त्यांचं म्हणणं होतं. डाकारमधल्या आफ्रिकी संशोधक स्त्रियांच्या संघटनेने त्या सुमारास हेच लेखी मांडलं. ४० वर्षांनंतरही आपण तिथेच आहोत.

आगबोट

लंडनमध्ये प्रसूती विभागात नर्स आहे, म्हणून लिहिते. कातळ, तुमचा पहिला मुद्दा पटतो. पण ‘तिथे’ आणि ‘इथे’ असे दोन कप्पे तुम्ही केलेत, ते माझ्या कामात कधीच दिसत नाहीत.

गरोदर बाई पहिल्या तपासणीला येते तेव्हा इतर प्रश्नांबरोबर ‘सुंता झाली आहे का’ हाही विचारावा लागतो. पहिल्या फेरीत ‘नाही’ म्हणणारी बाई तिसऱ्या फेरीत, नवरा बाहेर बसलेला असताना, हळूच ‘हो’ म्हणते. २०१५ पासून कायदा असा आहे की १८ वर्षांखालच्या मुलीची सुंता झाल्याचं दिसलं किंवा तिने स्वतः सांगितलं, तर आम्ही पोलिसांना कळवायचंच. आणि उन्हाळी सुट्टीच्या आधी शाळांना सावध केलं जातं, कारण सहा आठवडे सुट्टी म्हणजे आजीकडे नेऊन आणायला आणि जखम भरायला पुरेसा वेळ.

इथल्या सरकारने एक छोटं पत्रक काढलं आहे. ब्रिटनमध्ये हा गुन्हा आहे, मुलीला परदेशी नेऊन केलं तरी शिक्षा होते, एवढंच त्यात आहे. एका बाईने माझ्यासमोर ते घडी घालून मुलीच्या पासपोर्टच्या कव्हरमध्ये सरकवलं. म्हणाली, सासूला मी ‘नाही’ म्हटलं तर मी उद्धट ठरते, हा कागद ‘नाही’ म्हणाला तर माझी नोकरी, नवऱ्याची नोकरी, सगळ्याची काळजी सासूलाच वाटते. रूढी तोडायला तिला कायद्याची सबब हवी होती, आणि ती तिला लंडनमध्ये मिळाली.

हा कायदाही गोऱ्यांनी आपण होऊन दिला नाही. एफुआ डॉर्केनू या घानाच्या बाईने १९८३ मध्ये लंडनमध्ये संस्था काढून पाठपुरावा केला. १९८५ मध्ये पहिला कायदा झाला, पहिली शिक्षा व्हायला २०१९ उजाडलं. परदेशात बसून बोलणं सोपं असतं म्हणणाऱ्यांनी ही ३४ वर्षं मोजावीत.

खडूफळा

इतिहास शिकवतो, म्हणून केनियाचं सांगतो. १९२९ मध्ये मिशनऱ्यांनी किकुयू लोकांना सांगितलं, सुंता सोडल्याची शपथ घ्या, नाहीतर चर्च आणि शाळा सोडा. लोकांनी शाळा सोडल्या आणि स्वतःच्या काढल्या. पुढे केनियाचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांनी १९३८ च्या पुस्तकात या प्रथेचं समर्थन केलं, राष्ट्रीय अस्मिता म्हणून. १९५६ मध्ये मेरू भागात बंदी आली तर पौगंडावस्थेतल्या मुलींनी वस्तरे आणून एकमेकींची सुंता केली! पुढच्या तीन वर्षांत दोन हजारांहून जास्त जणांवर खटले झाले. बाहेरचा बडगा दिसला की प्रथा हेच स्वातंत्र्य वाटायला लागतं.

मराठी माणसाला हे नवीन नाही. १८९१ चं संमतिवयाचं विधेयक आठवा. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारावर न्यायचं, एवढीच मागणी. टिळकांचा विरोध बराचसा ‘परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये’ यावर उभा होता. तेव्हा कातळ यांच्या बाजूला माझं अर्धं मत.

जाईजुई

@खडूफळा, उरलेलं अर्धं इकडे द्या. संमतिवयाच्या वेळी रखमाबाई कुठे होत्या? लंडनमध्ये, डॉक्टरकी शिकत. नवऱ्याबरोबर, दादाजीबरोबर नांदायला नकार देऊन कोर्टात उभी राहिलेली मुंबईची बाई परदेशी गेली म्हणून तिचं बालविवाहाविरुद्धचं म्हणणं परकं झालं का? टिळकांच्या युक्तिवादात सरकार परकं होतं हे खरं, पण दहा वर्षांची मुलगी परकी नव्हती. तिचं मत कुणीच विचारत नव्हतं, ना सरकार ना केसरी. केनियात १९२९ ला चर्च आणि किकुयू पुढारी भांडले तेव्हाही हेच झालं.

भेंडीबाजार

गांबियापर्यंत कशाला जायचं? दाऊदी बोहरा समाजात मुलींचा खतना (सुंताच) होतो आणि मुंबईत होतो. आमच्या इमारतीतल्या कितीतरी बायकांना सात वर्षांच्या असताना ‘आइस्क्रीम खायला जाऊ’ म्हणून नेलं होतं. २०१५ मध्ये ‘सहियो’ ही संस्था उभी राहिली, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका आली, २०१८ मध्ये ती मोठ्या पीठाकडे गेली.

या समाजाची माणसं पूर्व आफ्रिकेत, ब्रिटनमध्ये, ऑस्ट्रेलियात पसरलेली आहेत. सिडनीत खटला झाला, २०१५ मध्ये तिघांना दोषी ठरवलं, मध्ये निकाल फिरला आणि २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा फिरवला. त्या पहिल्या निकालानंतर काय झालं बघा. २०१६ मध्ये सिडनी, लंडनसारख्या शहरांतल्या बोहरा जमातींनी (स्थानिक मंडळांनी) आपल्या लोकांना पत्रं काढली, इथल्या कायद्यात हे बसत नाही, करू नका. मुंबईत असं पत्र निघालं नाही. तोच धर्म, तेच धर्मगुरू. मग ‘अपरिहार्य धार्मिक कर्तव्य’ सिडनीत कसं टळतं? हा प्रश्न मुंबईतल्या बाईला विचारता आला तो परदेशातल्या बोहरा बायका बोलल्या म्हणून. माझ्यासाठी वाद इथेच संपतो.

कातळ

संपत नाही. परदेशात गेलेली बाई म्हणजे विरोधच करणारी बाई, असं तुम्ही सगळे गृहीत धरताय. फुआंबाई अहमदू यांचं काय करणार? सिएरा लिओनच्या कुटुंबातल्या, अमेरिकेत शिकलेल्या मानववंशशास्त्रज्ञ. मोठेपणी, स्वतः ठरवून कोनो समाजातला दीक्षाविधी करून घेतला, सुंतेसकट. गेली अनेक वर्षं त्या लिहीत आहेत की आमच्या बायकांना ‘विच्छिन्न’ म्हणू नका, हा बायकांनी बायकांसाठी चालवलेला विधी आहे, त्यात सत्ता आहे, मान आहे. ‘जिच्या अंगावर पातं चाललं तिचा हक्क’ हा तुमचा निकष लावला तर त्यांचंही ऐकावं लागेल.

आणि प्रथा जिथे खरोखर हलली तिथे कशी हलली? सेनेगलमधलं मालिकुंडा बांबारा गाव, १९९७. बायकांनी आरोग्याच्या वर्गात शिकून प्रथा सोडायचं जाहीर केलं, तर शेजारची गावं बिथरली. मग देम्बा दियावारा हे वयस्क इमाम पुढे आले. त्यांचं म्हणणं, एक गाव एकटं सोडू शकत नाही, कारण सुंता न झालेल्या मुलीला सोयऱ्यांच्या गावात स्थळ मिळणार नाही. ते पायी आपल्या नात्यातल्या गावांत फिरले, सगळ्यांना एकत्र आणलं, फेब्रुवारी १९९८ मध्ये त्या गावांनी मिळून शपथ घेतली. भाषण नाही, टीव्ही नाही. सोयरिकीच्या धाग्याने गाठ पडली होती, त्याच धाग्याने सुटली. नायजेरियाच्या ओबिओमा न्नाएमेका आफ्रिकी स्त्रीवादाबद्दल हेच मांडतात, कुठे भिडायचं आणि कुठे वळसा घालायचा हे ओळखणं.

जाईजुई

अहमदूंचं जरूर ऐकावं. ऐकून मी एवढंच विचारीन की त्यांनी निवड केली तेव्हा त्या सज्ञान होत्या. मग तोच हक्क गांबियातल्या दोन वर्षांच्या मुलीला का नको? ती वीस वर्षांची होईपर्यंत थांबा आणि तिला विचारा. बंदी उठवायला निघालेल्या खासदारांपैकी एवढं तरी कुणी म्हणालं का? २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंजुलजवळ एक महिन्याची मुलगी रक्तस्रावाने गेली. एक महिन्याची. तिथे विधी कसला आणि मान कुणाचा?

मालिकुंडाचं उदाहरण मला फार आवडतं, पण ते तुमच्या बाजूचं नाही. सोयरीक आता नदीकाठच्या गावांपुरती राहिलेली नाही, ती बर्मिंगहॅम आणि न्यूयॉर्कपर्यंत गेली आहे. जाहा डुकुरेंचं लग्नच तिकडे लावलं होतं ना? गांबियाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाचव्या हिश्शाहून मोठी रक्कम परदेशातली माणसं घरी पाठवतात. बारशाचं बोकड, घरावरचे पत्रे, भाच्यांची फी, सगळं त्यातून येतं. हे पाठवणारी आत्या फोनवर म्हणाली की ‘या पोरीला हात लावायचा नाही’, तर आजी ऐकते. ती आत्या त्या नात्यातच आहे, दियावारांच्या पायवाटेवरच आहे, फक्त लांब राहते.

आगबोट

+१. हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. आणि उलटंही पाहिलं आहे. पैसे पाठवणारीच आजीला सांगते, या सुट्टीत उरकून घ्या.

कातळ

आगबोट यांनी माझंच म्हणणं मांडलं. पैशाने ऐकवता येतं तर पैशाने करवूनही घेता येतं. जाईजुई, तुम्ही हक्काने सुरुवात केलीत आणि डलासीवर आलात. ज्या सुनेचं परदेशात कुणी नाही, जिला आत्या नाही, तिच्या मुलीचं काय?

जाईजुई

तिच्या मुलीसाठी तो कायदा आहे. म्हणून तर संसदेत तो टिकला याचं मला एवढं वाटतं, जामेने आणलेला असला तरी. आता त्याला न्यायालयात आव्हान दिलं आहे, विधेयक आणणारे खासदारच त्यात आहेत. तुरेबाईंसारख्या स्थानिक बायकांची ४० वर्षांची गावांतली मेहनत आणि परदेशातल्या बायकांचा आवाज यातलं एक निवडा असं तुम्ही म्हणत राहिलात, तर त्या सुनेच्या वाट्याला दोन्हीपैकी काहीच येणार नाही.

कातळ

निवडा म्हणत नाही. क्रम सांगतो. आधी गाव, मग कायदा.

जाईजुई

आणि मी म्हणते दोन्ही एकाच वेळी, कारण मुली या वर्षीही जन्मताहेत.