स्विफ्टसाठी मॅगव्हील: कॉपी घ्यावी की ओरिजनल?

पाचोऱ्याचा_प्रवासी

नमस्कार. माझ्याकडे २०१९ सालची स्विफ्ट व्हीएक्सआय असून तिला १४ इंची लोखंडी डिस्क आणि १६५/८० आर१४ मापाचे (रुंदी १६५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, चाक १४ इंची) टायर आहेत. रोज पाचोरा ते जळगाव ये-जा असते, महिन्यातून एकदा-दोनदा चाळीसगावहून कन्नड घाट चढून छत्रपती संभाजीनगरला जावे लागते आणि हंगामात शेतापर्यंतचा शिवाररस्ताही चुकत नाही. मॅगव्हील (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके, म्हणजे अलॉय व्हील) बसवण्याची हौस आहे व त्यासाठी २५,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. एका दुकानदाराने १५ इंची संच १७,००० रुपयांना सांगितला. नक्षी हुबेहूब रेज या जपानी कंपनीच्या टीई३७ चाकाची आहे, परंतु ती कॉपी असल्याचे त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले. नामांकित कंपनीचा, तिच्या स्वतःच्या नक्षीचा १५ इंची संच २९,००० पर्यंत जातो. मला दोन्हींत रंगापलीकडे काही फरक दिसत नाही. मग वरचे १२,००० रुपये नेमके कशाचे, हे जाणकारांनी सांगावे.

तापीकाठ

भाऊ, फरक पुढून दिसतच नाही, तो चाक उलटे केल्यावर दिसतो. मूळ टीई३७ हे १९९६ पासूनचे, दाबाखाली घडवलेले म्हणजे फोर्ज्ड चाक आहे. त्याच्या १५ इंची मापाचे वजन ३.७ किलो भरले म्हणून नावात ३७ आले. कॉपी साच्यात ओतलेली असते. नक्षी तीच ठेवून धातू ओतला, की आरे तेवढेच मजबूत करायला जाड करावे लागतात. बारीक ठेवले, तर ते दिसायला मूळ चाकासारखे आणि सोसायला कमी असे काम होते.

मात्र ओतीव चाक म्हणजे वाईट चाक, असा अर्थ कृपया काढू नये. आपल्या बहुतेक गाड्यांना कारखान्यातून येणारी मॅगव्हीलही ओतीवच असतात. वरचे पैसे चाचणीचे असतात: ठोकर, वळणावरचा वाक आणि भाराखाली सतत फिरणे या तिन्ही कसोट्यांतून तो नमुना गेला आहे की नाही, याचे. चाकाच्या मागे माप, ऑफसेट (चाकाच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचे अंतर), किलोमध्ये कमाल भार आणि आयएसआय चिन्ह (मानक आयएस १६१९२) पाहावे. भाराचा आकडा भरलेल्या गाडीच्या जड ॲक्सलवरील वजनाच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. केवळ ‘जेडब्ल्यूएल’ (मिश्रधातूच्या चाकांचे जपानी मानक) या अक्षरांवर विसंबू नये, कारण ती छाप निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर उमटवतो. सोबत ‘व्हीआयए’ असेल, तर तपासणी जपानमधील त्रयस्थ संस्थेकडे नोंदलेली असते. अर्थात साच्यात कोणतीही अक्षरे कोरता येतात, म्हणून पक्के बिल घ्यावेच.

रावेरची_केळी

मी तीन वर्षांपूर्वी अशीच कॉपी घेतली होती, तीही हौसेने १६ इंची. आपल्या टायरची भिंत १३२ मिलिमीटर आहे. १९५/५५ आर१६ घातला की ती १०७ वर येते, म्हणजे खड्डा थेट चाकाला लागतो. मोरीजवळच्या एका खड्ड्यात पुढचे डावे चाक आदळले. वरून काहीच दिसले नाही, पण दर दोन दिवसांनी हवा कमी होऊ लागली. पंक्चरवाल्याने टायर उतरवून साबणाचे पाणी लावले, तेव्हा आतल्या काठावर नखाएवढ्या चिरेतून बुडबुडे आले. वेल्डिंग करून घेतले, ते पावसाळाभर टिकले आणि नंतर त्याच्याच शेजारी नवी चीर गेली. या मिश्रधातूला ताकद उष्णता-प्रक्रियेने आलेली असते आणि वेल्डिंगच्या आचेने नेमकी तीच जागा मऊ पडते, हे मला पैसे गेल्यावर समजले. लोखंडी डिस्क असती, तर वाकली असती आणि ठोकून सरळ झाली असती.

जाता जाता, मॅगव्हील कोणतेही असो, शिवारातून आल्यावर आतली काळी माती धुऊन काढावी. ती वाळून एका बाजूला चिकटली की ८० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरते आणि माणूस उगाच बॅलन्सिंगला पळतो.

हिशेबी_भुसावळकर

प्रश्नात एक खर्च धरलेलाच नाही. १४ इंची टायर १५ इंची चाकावर बसत नाहीत. १८५/६५ आर१५ घेतल्यास चाकाची एकूण उंची ६२० वरून जेमतेम ६२१.५ मिलिमीटर होते, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही. पण चार टायरांचे पैसे १७,००० मध्ये नाहीत. त्यामुळे कॉपी घेऊनही आपण २५,००० च्या बाहेरच जाता. माझ्या मते चांगल्या कंपनीचा १४ इंची संच घ्यावा व आहेत तेच टायर चढवावेत. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या मॉडेलच्या गाडीवरून उतरवलेली कंपनीची १५ इंची चाके शोधावीत. तीही बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

पीसीडी (नटांच्या भोकांची संख्या व त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ४×१०० जुळला म्हणजे झाले, असेही नाही. स्विफ्टच्या हबावर (चाक ज्यावर बसते तो भाग) बसणाऱ्या चाकाचे मधले भोक ५४.१ मिलिमीटरचे असते. बाहेरच्या चाकाचे अनेकदा मोठे असते व मधली रिंग घालावी लागते. नट १२×१.२५ आट्यांचे आणि चाकाच्या बैठकीला जुळणारे हवेत. बसवल्यावर ८०-१०० किलोमीटरने ते टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासून घ्यावेत आणि विमा कंपनीलाही चाके बदलल्याचे कळवावे.

पाचोऱ्याचा_प्रवासी

सर्वांचे आभार. आज दुकानात जाऊन ते चाक उलटे करून पाहिले. मागे ‘१५×६.५’ आणि पीसीडी एवढेच होते. भाराचा आकडा नाही, आयएसआय चिन्ह नाही, पुढे स्टिकर मात्र चकचकीत. विचारल्यावर दुकानदार म्हणाला, “भाऊ, कोणी मागून पाहत नाही.” नामांकित कंपनीचा १४ इंची संच तो २२,००० ला देतो आहे. ५४.१ ची रिंग मिळते का, हे उद्या कळवणार आहे. तोपर्यंत गाडी लोखंडी डिस्कवरच फिरेल.