मदत हवी आहे: एसआरटीच्या रानातून वाहून जाणारा स्फुरद (फॉस्फरस) मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी येत्या खरिपात हिंगोलीकडच्या काळ्या रानात मोजणी करायची आहे. सोयाबीनची दोन रानं आहेत. एकात नेहमीची नांगरट, वखराच्या पाळ्या आणि तिफणीने पेरणी. दुसऱ्यात एसआरटी (सगुणा पद्धत), म्हणजे साडेचार फुटी कायमचे गादीवाफे, नांगरट नाही, मागच्या पिकाची मुळं जागेवरच. दोन्हीकडून किती पाणी, गाळ आणि खत वाहून जातं ते बघायचंय.

माती कमी खरडेल याबद्दल मला फारशी शंका नाही. हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर केलेल्या प्रयोगात पारंपरिक पद्धतीत हेक्टरी सहा टनांच्या वर माती जायची, रुंद वरंबा-सरीवर, म्हणजे अशाच गादीवाफ्यांच्या सुधारित पद्धतीत, दीड टनाच्या आसपास. माझं अडतंय ते स्फुरदापाशी. तो बहुतेक मातीच्या कणांना चिकटून जातो, म्हणून गाळ घटला की स्फुरदही घटला, असं सगळेच धरून चालतात. पण अमेरिकेत ईरी सरोवराला मिळणाऱ्या मॉमी नदीच्या खोऱ्यात विनानांगरट शेती वाढल्यावर गाळाबरोबरचा स्फुरद आटोक्यात आला आणि पाण्यात विरघळलेला मात्र १९९० च्या दशकाच्या मध्यापासून वाढत गेला. कारणं बरीच सांगतात. त्यातलं एक हे की वरून फेकलेलं खत मातीत मिसळत नाही, वरच्या बोटभर थरातच साचतं. अशा स्फुरदावर पोसून ऑगस्ट २०१४ मध्ये सरोवरात निळंहिरवं शेवाळ इतकं माजलं की टोलेडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. आमच्याकडेही काही एसआरटीवाले डीएपी हे स्फुरदाचं खत वरूनच फेकतात, म्हणून ही शंका.

आता अडचणी. २२ मीटर लांब आणि तीन वाफ्यांइतका, म्हणजे चार मीटर रुंद तुकडा पत्र्याने बंदिस्त करायचा विचार आहे. ५० मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातला निम्मा वाहिला तरी २२०० लिटर होतात. म्हणून पहिला २०० लिटरचा ड्रम भरला की उरलेलं पाणी ११ खाचांतून सोडून एकाच खाचेचं दुसऱ्या ड्रममध्ये घ्यायचं. पण एसआरटीच्या रानातला काडीकचरा खाचांत अडकणारच. आधी जाळी लावली तर गाळही तिथेच अडेल ना? कुणी यावर काय केलंय?

त्याहून मोठा घोळ वाफ्यांच्या दिशेचा. वाफे उताराला आडवे आहेत, पाणी सरीतून बाजूला जातं. उताराच्या दिशेने पत्र्याची चौकट ठोकली तर सरीच तुटते, मग मोजतोय ते एसआरटी कुठलं? त्यापेक्षा सरीच्या तोंडाशीच पाणी धरावं का? पण मग नांगरटीच्या रानाशी तुलना कशी करायची? शिवाय रानं दोनच, उतारही सारखा नाही. पहिलं वर्ष दोन्हीकडे एकच पद्धत ठेवून नंतर एकीकडे बदल करायचा हा राजमार्ग माहीत आहे, पण माझ्या हातात एकच हंगाम आहे. एकाच रानात दोन्ही पद्धतींचे तीन-तीन तुकडे पाडले तर चालेल का?

शेवटचं, नमुन्यांचं. विरघळलेला स्फुरद काढायला पाणी त्याच दिवशी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून थंड ठेवायला हवं. पाऊस रात्री पडणार आणि गावात लाईटचा भरवसा नाही. बर्फाच्या थर्माकोल खोक्यात सकाळपर्यंत ठेवून मग गाळलं तर आकडे किती बिघडतील? परभणी किंवा नांदेडकडे पाण्यातला एकूण आणि विरघळलेला असा दोन्ही स्फुरद काढून देणारी प्रयोगशाळा कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

ड्रमचे खड्डे मे महिन्यातच खणायचे आहेत, म्हणून वाफ्यांच्या दिशेबद्दल आधी उत्तर मिळालं तर बरं.