मदत हवी आहे: आत्याबाई येताहेत, साधंच जेवण ठेवायचंय

आम्ही अमळनेरचे. रात्री घरात दादरची (ज्वारीचा एक प्रकार) भाकरी, उडदाची डाळ, ठेचा, नाहीतर खिचडी-कढी. सगळे आवडीनं जेवतात, ठेचा सोडला तर सासूबाईसुद्धा. पण पुढच्या आठवड्यात आत्येसासूबाई राहायला येताहेत आणि त्यांचं ठरलेलं वाक्य, "पाव्हणाले खिचडी वाढतस का?"

मागच्या वेळी शेवभाजी केली, तर म्हणाल्या तेल फार. (तर्रीशिवाय शेवभाजी कसली!) बट्ट्या केल्या, त्या तळून होईतो नऊ वाजले. बाहेरून मागवायचं नाही, त्यावरही बोलणी बसतात. यजमान मध्ये पडले की "सुनेनं शिकवलं" होतं, म्हणून तोही उपाय नको.

आता फुनके (भिजवून वाटलेल्या तूरडाळीचे वाफवलेले मुटके) आणि कढी करायचं मनात आहे. मी कामावरून साडेसहाला येते, सासूबाईंना तिखट-तेलकट चालत नाही. आधी एकदा सकाळीच वाफवून ठेवले होते, ते संध्याकाळी कोरडे, घशात अडकणारे झाले. तूरडाळ सकाळी भरड वाटून फ्रिजमध्ये ठेवली आणि कांदा, कोथिंबीर, मीठ आल्यावर घालून वाफवलं तर मऊ होतील का? आणि एवढं करूनही पानावर टोमणा आलाच, तर त्यांचा मान राखून नेमकं काय बोलावं?